मास्तर रानात जायचे

आमचे मास्तर मयताला मोठ्या हौसेने जायचे. कुणाच्याही नव्हे, फक्त वाजवणाऱ्यांच्या. अकलूज, फलटण, बारामती, कुठेही एखादा जुना बँडमास्तर गेल्याचं कळलं की हे लाल कोट अंगात चढवायचे, त्याची सोनेरी झालर ओल्या फडक्याने पुसायचे आणि सॅक्सोफोनची पेटी पाठीला लावून माझ्या मोटारसायकलवर मागे बसायचे. “चल. बघून येऊ कसा जातुय ते,” म्हणायचे. तिथे पोचल्यावर मात्र रडणाऱ्या माणसांत ते कधी मिसळले नाहीत. अंत्ययात्रेच्या अगदी शेवटी चालत, गेलेल्या माणसाची पोरं कशी वाजवतात ते कान देऊन ऐकायचे. चेहरा असा करायचे की शेजारच्याने खांद्यावर हात ठेवून धीर द्यावा. खरं दुःख क्लॅरिनेटवाल्याचं असायचं. तो बेसूर वाजवत असायचा.

निकाल परतीच्या वाटेवर लागायचा. “ढोल बरा हाय. ट्रम्पेटवाला रडतुय. आरं, रडायचं तर खाली ठिव की ते, आन रड मोकळा! ह्यो बँड दिवाळी बघत न्हाय.” आणि खरंच तो बघायचा नाही. म्हातारा गेला की महिन्या-दोन महिन्यांत पोरं एकमेकांची तोंडं बघत बसायची. मग कुणी एमआयडीसीत लागायचं, कुणी डीजेच्या गाडीवर जनरेटर सांभाळायला जायचं आणि वाद्यं भंगारवाल्याकडे. मास्तरांचा अंदाज चुकल्याचं मला आठवत नाही.

“आन आपला बँड?” मी एकदा गाडी चालवता चालवता विचारलं.

“तुमचा? तुमी माजी माती बी नीट वाजवायचा न्हाय.”

हे मला फार झोंबायचं. दिवसभर मी इंदापूरजवळच्या एका डेअरीवर दुधाचं फॅट तपासायचो. तिथे माझं नावसुद्धा कुणी घेत नसे, ‘ओ फॅट’ अशीच हाक यायची. संध्याकाळी तो लाल कोट घातला की मी माणूस व्हायचो. मास्तरांच्या मागे बँड मोडला तर माझ्या वाट्याला फक्त फॅट उरणार होतं, आणि तेही गाईच्या दुधाचं.

मास्तर निमगाव केतकीत, समाजमंदिराच्या मागे राहायचे. आम्ही दहा-बारा जण. लग्न, जयंतीची मिरवणूक, कुणाची निवडणूक, जिथे बोलावतील तिथे वाजवायचो. मी दुसरा सॅक्सोफोन. पहिला अर्थातच मास्तरांचा. संज्या दिवसा ट्रॅक्टर चालवायचा आणि रात्रीच्या वरातीत साईड ड्रम. दोन्हीत फारसा फरक करत नसे.

समाजमंदिराशेजारी पिठाची गिरणी होती. मास्तर सगळा बँड तिच्या घरघरीवर सुरात लावायचे. हार्मोनियम होती, पण तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. लाइट गेली की गिरणी बंद, गिरणी बंद की सूर बंद, आणि सूर बंद की तालीम बंद. एकदा गिरणीवाल्याने नवी मोटर बसवली, तर आमचा अख्खा बँड एका दिवसात वर चढला आणि ट्रम्पेटवाल्याच्या मानेच्या शिरा पुढचं लग्न होईपर्यंत खाली बसल्या नाहीत. मी धीर करून म्हटलं, “मास्तर, गिरणीच चुकत असंल.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “ती दळती तरी. तू काय करतुस?”

उसाच्या तालुक्यात राहून त्यांनी आम्हाला ऊसबंदी केली होती. ऊस दाताने सोलला की पुढचे दात हलतात, दात हलला की ओठ घसरतो, ओठ घसरला की माणूस संपला, असं त्यांचं शास्त्र होतं. संज्याच्या दातांचा ड्रमशी काय संबंध, पण त्यालाही बंदी. “ह्याचं बघून बाकीची खात्याल.” कारखाना सुरू झाला की तालमीच्या दारात उभं राहून ते प्रत्येकाची बोटं चाचपायचे. चिकट लागली तर हात धुऊनही चालायचं नाही, सरळ घरी पाठवायचे. वाजवताना कुणाचा सूर पिचला की, “वाजीवतुयस का चुलीत फुकतुयस?” हे ठरलेलं. कौतुक मी ऐकलं नाही. एकदा युफोनियमवाल्याला ते “हां” म्हणाले होते, तर त्याने त्या दिवशी सगळ्यांना भेळ दिली.

काकींना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, सॅक्सोफोनचा आवाज सहन होत नसे. तालीम सुरू झाली की कानात कापूस घालून त्या ओट्यावर जोंधळा निवडत बसायच्या. “हिच्या कानात कापूस हाय म्हणून संसार टिकला,” मास्तर म्हणायचे. काकी मान वर न करता म्हणायच्या, “व्हय.” कापसातूनही त्यांना तेवढं नेमकं ऐकू जायचं.

मास्तर हे फुंकणं शिकले पुण्यात. तरुणपणी ते कॅम्पातल्या एका हॉटेलात इस्त्रीला होते. तिथल्या बँडमध्ये गोव्याचा एक म्हातारा सॅक्सोफोन वाजवायचा. ह्यांनी त्याचे कोट इस्त्री करायचे आणि त्याने ह्यांना शिकवायचं, असा सौदा ठरला. म्हातारा मेल्यावर सॅक्सोफोन मास्तरांकडे आला तो कसा, हे मात्र कळलं नाही. कधी म्हणायचे, मरताना त्याने हातात दिला. कधी म्हणायचे, पत्त्यांत जिंकला. जयंतीच्या तयारीत एकदा खुशीत होते तेव्हा म्हणाले, “इस्तरीला आलेल्या कोटाच्या खिशात घावला.” खिशात सॅक्सोफोन मावतो का, असं विचारलं तर म्हणाले, “गोव्याचे खिसे लई मोठे.”

तो म्हातारा जे वाजवायचा त्याला जाझ म्हणतात, हे मास्तरांनी आम्हाला एकदाच सांगितलं. मग त्यांनीच तो शब्द टाकून दिला. त्यांचा स्वतःचा शब्द होता, रान. “गाणं वाटंनं चालतंय ना? तुमी वाट धरा. मी जरा रानातनं येतो.” लग्नातलं साधं सिनेमाचं गाणं सुरू असायचं, एक कडवं व्हायचं, आणि मास्तर एकदम वाट सोडून आत शिरायचे. मूळ चाल कुठल्या कुठे. वर जायचे, खाली यायचे, एकाच सुरावर उगाच उभे राहायचे, कुणाच्या तरी म्हशीला हाका मारल्यासारखं काहीतरी करायचे. आम्ही मागे ते गाणं तसंच चालू ठेवायचं. मग कुठून तरी कुंपण ओलांडून ते बरोबर आमच्या पुढ्यात परत यायचे, उजवी टाच उचलायचे, आणि टाच जमिनीला लागली की गाणं खलास. नाचणाऱ्यांना काही समजायचं नाही. पण त्यांचे पाय जास्त उडायचे.

रानात जायची परवानगी फक्त त्यांना. बाकीच्यांनी वाट सोडली तर ड्रमची काठी पाठीत. त्यामुळे झालं असं, की सुरुवातही त्यांची आणि शेवटही त्यांचा. आम्ही सगळे मधले.

त्यांच्या रानातल्या फेऱ्यांत सगळ्यात गाजलेली मोरगावची. तिथल्या एका लग्नात मास्तर रानात शिरले आणि मध्येच त्यांनी असा एक सूर मारला की ज्याचं नाव ते. उंच, लांबलचक, अंगावर काटा आणणारा. मग तिथून ते थरथरत, अडखळत खाली आले. घोड्यावरचा नवरदेवसुद्धा वळून बघायला लागला. संज्याच्या मेव्हण्याने ते मोबाईलवर घेतलं होतं. तो व्हिडिओ एवढा फिरला की पुण्याच्या बँडवाल्यांनी फोन करून विचारलं, हा सूर काढला कसा? मास्तरांपुढे मोरगावचा विषय काढला की ते म्हणायचे, “सोड रं ते.” मोठी माणसं अशीच असतात, असं आम्ही एकमेकांना सांगायचो.

एका उन्हाळ्यात, लग्नसराई ऐन भरात असताना, मास्तर सकाळी दाढी करायला बसले आणि आरशात बघतात तर तोंड एका बाजूला गेलेलं. अर्धांगवायू. बारामतीच्या दवाखान्यातून परत आले ते काठी घेऊन. बोलणं जड झालं, पण बोलायचं ते बोलतच राहिले. “उजवी बाजू सुट्टीवर गेली,” म्हणाले. सॅक्सोफोन तोंडाला लावून बघितला, तर हवा ओठाच्या कोपऱ्यातून निघून गेली. त्यांनी तो पेटीत ठेवला आणि झाकण लावलं. काकींनी त्या दिवशी कानातला कापूस काढला नाही, हे मी बघितलं. वाजवणारं कुणी नव्हतं तरी.

कळसला लग्न आधीच घेतलेलं होतं. जावं तर लागणारच. नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला वाजतगाजत नेतात, त्या परण्यापासून आमची फजिती सुरू झाली. सुरू कुणी करायचं? सगळे एकमेकांकडे बघत उभे. शेवटी संज्याच्या हातून काठी निसटून ड्रमवर पडली, तीच सुरुवात समजून आम्ही तुटून पडलो. वाजवलं वाईट नाही. मारुती झाला, मांडव आला, आणि तिथे कळलं की गाणं थांबवायचं कसं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. संज्या माझ्याकडे बघतोय, मी ट्रम्पेटवाल्याकडे बघतोय, ट्रम्पेटवाल्याने डोळे मिटलेले. गाणं संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मांडवातून माइकवर सूचना आली, “बँडपथकाला नम्र विनंती आहे, आता थांबावं.” थोड्या वेळाने तीच सूचना नम्र वगळून आली. घोड्याने मान खाली घालून डोळे मिटले. अखेर नवरदेवाचा मामा पुढे आला आणि त्याने संज्याच्या हातातून काठ्या काढून घेतल्या. ट्रम्पेटवाला त्यानंतरही बराच वेळ एकटाच वाजवत होता.

आम्ही निमगावात पोचायच्या आत बातमी पोचली होती. मास्तर बाजेवर बसलेले. “नवरा म्हातारा झाला म्हणं वाट बघून,” म्हणाले.

त्या आठवड्यात दोन बयाणे परत गेले. ट्रम्पेटवाला बारामतीच्या एका डीजेवाल्याशी बोलून आला. अकलूजच्या आणि फलटणच्या पोरांचं जसं झालं तसं आमचं होणार हे मला दिसत होतं, आणि आमचे मास्तर तर अजून जिवंत होते. मी ठरवलं, आता मास्तर आपणच व्हायचं. मोरगावचा व्हिडिओ उघडला. डेअरीच्या मागे, रिकाम्या कॅनच्या थप्पीआड उभं राहून मी तो सुरासुराने पाठ केला. कुठे श्वास घेतला, कुठे मान वळवली, तेही सोडलं नाही. तो उंच सूर निघेपर्यंत ओठ फुटून रक्त आलं. डेअरीतल्या लोकांना वाटलं, मागे गाय अडलीय.

मग एका संध्याकाळी समाजमंदिरात मास्तरांची बाज आणून ठेवली, गिरणीवर सूर लावला आणि मी मास्तरांसमोर मोरगाव वाजवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, तंतोतंत. उंच सूर लागला तेव्हा संज्याच्या डोळ्यांत पाणी आलं. युफोनियमवाल्याने हात जोडले. शेवटी मी टाच उचलून टेकवली, बँड थांबला. बाजेवर मास्तरांचे खांदे गदगदा हलत होते. मला भरून आलं. जवळ जाऊन त्यांचे पाय धरले, तर म्हातारा हसत होता. वाकड्या तोंडातून लाळ गळेपर्यंत हसत होता.

“आरं येड्या,” दम लागल्यावर ते म्हणाले, “घोड्यानं पाय दिला हुता माज्या पायावर!”

युफोनियमवाल्याने जोडलेले हात खाली घेतले.

“मोरगावात. नवऱ्याचा घोडा. त्यो सूर न्हवं, बोंब हाय ती. आन खाली येतुया न्हवं थरथरत? तवा मी पाय काढून घेत हुतो.” त्यांनी धोतराखालून पाय पुढे केला. अंगठ्याचं नख काळंनिळं होऊन तिरकं उगवलं होतं. “ही बग तुजी कला.”

“मास्तर, मला वाटलं...”

“तुज्या पायावर कोण उभा ऱ्हायलाय? घोडा हाय का? मग बोंबलतुयस कशापायी?”

मला धरणी ठाय देईना. बहुतेक माझं तोंड फारच पडलं असावं, कारण त्यांनी मला बाजेवर बसवून घेतलं, जे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. “माजा म्हातारा मेला ना, गोव्याचा, तवा मी त्याची समदी गाणी उचलली. हात तसाच, मान तशीच. त्यो वाजवायच्या आदी खोकायचा, मी बी खोकायला लागलो. वरीसभर खोकत हुतो. मग हाटेलातला एक वेटर मला म्हनला, गाण्याचं बघू फुडं, पर खोकला म्हाताऱ्यागत जमलाय तुला.” ते पुन्हा हसायला लागले आणि हसता हसता त्यांना खराच खोकला आला. काकींनी पाणी आणून दिलं.

“उद्यापास्नं रानात जायचं,” पाणी पिऊन ते म्हणाले. “माज्या न्हवं. तुज्या.”

मी गेलो. रोज जायचो, रोज हरवायचो. बँड वाट धरून चालायचा, मी आत शिरायचो आणि दोन पावलांत कुठे आलोय तेच कळायचं नाही. मास्तर बाजेवरून पत्ता सांगायचे. “बाभळीत शिरलं!” “कॅनॉलात पडलं, काडा त्याला!” “आज दुसऱ्याच्या उसात घुसलंय, आता मार खातंय.” गिरणीत दळायला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मला राग यायचा, घरी जाऊन सॅक्सोफोन विकायचा विचार करायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचो. मास्तरांनी “हां” म्हणावं एवढीच इच्छा होती. भेळ द्यायची माझी तयारी होती.

थंडी पडायला लागली आणि एका दुपारी मास्तर जेवून बाजेवर लवंडले ते उठलेच नाहीत. “हां” राहूनच गेलं.

मातीला तालुक्यातले, तालुक्याबाहेरचे म्हातारे बँडमास्तर आले. सगळे आपापल्या कोटात. रडणाऱ्यांत कुणी मिसळलं नाही. सगळे अंत्ययात्रेच्या शेवटी जाऊन उभे राहिले, आणि ते तिथे कशासाठी उभे आहेत हे त्या गर्दीत माझ्याएवढं कुणाला माहीत असणार? संज्या कानाशी येऊन म्हणाला, “तू रानात जाऊ नगंस बाबा. साधं वाजीवू. आज हितं समदा बाजार जमलाय. आज इस्कटलं की उद्यापास्नं आपल्याला कोन बोलवणार?” त्याचं खरं होतं. साधं वाजवायचं ठरलं.

बुद्धवंदना झाली, मास्तरांना उचललं. आम्ही त्यांच्या आवडीचं एक गाणं धरलं. गिरणीपर्यंत नीट चाललो. गिरणीवाल्याने त्या दिवशी गिरणी बंद ठेवली होती. तिथे आल्यावर मला हुंदका आला आणि फुंकताच येईना. मी सॅक्सोफोन खाली सोडला आणि भर रस्त्यात, कोट घालून, मोठ्याने रडलो. बँड थांबला नाही. संज्याने वाट धरून ठेवली. रडून झाल्यावर मी नाक पुसलं, सॅक्सोफोन तोंडाला लावला, आणि का कुणास ठाऊक, वाट सोडली.

फार वाईट वाजवलं. ते सांगायला मला कुणाची गरज नाही. दोनदा सूर फाटला, एकदा असा अडकलो की तेच तेच पुन्हा वाजवत राहिलो, मध्येच दुसऱ्याच गाण्याचा तुकडा येऊन गेला. मागे वळून बघितलं तर शेवटच्या रांगेतले सगळे म्हातारे चेहऱ्यावर अतोनात दुःख घेऊन चालत होते. पण एक झालं. कुठल्या तरी बांधावरून उडी मारून मी परत त्या गाण्यात आलो, ते माझ्यासाठी जागा ठेवूनच चाललं होतं. स्मशान आलं होतं, माझा दम संपला होता. टाच उचलायचं मला सुचलं नाही. मी नुसता बँडकडे तोंड करून वळलो, आणि सगळे एकदम थांबले. ट्रम्पेटवालासुद्धा. त्याचे डोळे उघडे होते.

मास्तरांचं पुण्यानुमोदन झालं त्या दिवशी पाहुणे पांगल्यावर मी काकींकडे गेलो. त्या ओट्यावर बसल्या होत्या. समोर सुपात जोंधळा, पण हात चालत नव्हता. मी खाली बसलो. म्हटलं, “काकी, त्या दिवशी माज्याकडनं लई इस्कटलं. मास्तरांच्या मातीला तरी नीट वाजवायला पायजे हुतं.”

“व्हय, लई वाईट वाजीवलंस,” काकी म्हणाल्या. “तुजं मी पयल्यांदा कापूस न घालता आयकलं.”

मी मान खाली घातली.

“आमचं लगीन झालं तवा ह्ये असंच वाजवायचे,” त्या म्हणाल्या. “आगदी असंच. फाटकं-तुटकं, ह्यातलं त्यात. मी दोनदा म्हायेरी पळून गेले हुते.” त्यांनी सूप जवळ ओढलं आणि चार दाणे निवडून बाजूला टाकले. “उद्यापास्नं हितं ओट्यावर येऊन वाजीवत जा. आता म्हायेरी बी कुणी ऱ्हायलं न्हाय मला पळून जायला.”